गंगे, आपण धूळ मोजली

गंगे,

तू गेलीस त्याला पंधरवडा झाला नाही आणि मी तुझ्याशी बोलायला बसले आहे, तेही मोठ्या आवाजात. गेलेल्या माणसाविषयी हळू लिहावं म्हणतात. तुझ्याविषयी मला ते जमायचं नाही. तू जन्मभर हळू बोलली नाहीस. झरीच्या शाळेत माझ्या वडिलांनी, म्हणजे आपल्या गुरुजींनी, तुला वर्गाबाहेर उभं केलं तरी तू खिडकीतून आतल्या पोरांपेक्षा मोठ्यानं पाढे म्हणायचीस. पुढं सेलूच्या गारगोटीच्या गिरणीत, जिथं माणसाला स्वतःचा खोकला ऐकू यायचा नाही, तिथंही तुझी हाक फाटकापर्यंत पोचायची.

तुझं लग्न कोणत्या साली झालं, मागे कोण कोण आहे, हे मी लिहीत नाही. ते तुझ्या घरच्यांना ठाऊक आहे, आणि जन्मतारीख तर तुला स्वतःलाही ठाऊक नव्हती. मला आपण दोघींनी केलेल्या एका कामाचं लिहायचं आहे. ते आठवलं की आत्तासुद्धा, डोळे भरलेले असतानासुद्धा, मला बसवत नाही. उठून कुणाला तरी सांगत सुटावंसं वाटतं. ज्यांना सांगायचं त्यांत पहिली तूच, म्हणून तुलाच सांगते.

औरंगाबादच्या सरकारी प्रयोगशाळेत मी नुकती लागले होते. कारखान्यांत जायचं आणि काम करणाऱ्या माणसाच्या श्वासातून किती धूळ आत जाते ते तिथल्या तिथं मोजायचं, हे आमच्या पथकाचं काम. पथक म्हणजे तरी काय? डॉक्टरसाहेब, मी आणि यंत्रांच्या दोन पत्र्याच्या पेट्या. सेलूला स्टेशनपलीकडं गारगोटी दळायची गिरणी आहे, तिथं जायचं, एवढं मला सांगितलं होतं. तू तिथं आहेस हे मला कुठं माहीत? तुझं लग्न झालं, मी शिकायला गेले, आणि मधली वर्षं नुसती निघून गेली होती.

फाटकातून आत शिरलो. एका बाजूला शेताशेतांतून गोळा करून आणलेल्या पांढऱ्या गारगोट्यांचा ढीग. त्या यंत्राच्या जबड्यात पडून फुटायच्या, मग चक्कीत दळून त्यांचं मैद्यासारखं पीठ व्हायचं, आणि पोत्यांत भरून ते काचेच्या नि चिनी मातीच्या कारखान्यांना मालगाडीनं जायचं. आणि त्या सगळ्यात पिठात बुडवून काढल्यासारख्या बायका. भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या, कुणाच्या कपाळाला कुंकू आहे की नाही ते कळेना. त्यातली एक कमरेवर हात ठेवून माझ्यापुढं उभी राहिली.

"रमे, डोळे फुटले का गं तुझे? वळखीना झालीस व्हय?"

तोंडावरून नव्हे, आवाजावरून ओळखलं मी तुला! आणि मी काही बोलायच्या आत तू मला कवेत घेतलंस. माझी निळी साडी जागच्या जागी पांढरी झाली. मागून डॉक्टरसाहेब ओरडले, "अहो बाई, फिल्टर! पिशवीत फिल्टर आहेत, ते सांभाळा!" तू त्यांच्याकडं बघून म्हणालीस, "साहेब, माझी मैतरीन हाय ती. तुमचं फिल्टर काय पळून जायलंय का?"

डॉक्टरसाहेबांना तू त्याच क्षणी आवडलीस. ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही, पण मला कळलं.

त्या दिवशी मला आपलं लहानपण आठवलं. भर दुपारी तुमच्या घरच्या बळदात, धान्य साठवायच्या त्या तळघराच्या रिकाम्या काळोखात, आपण दोघी गारगोट्या एकमेकींवर घासत बसायचो. आतून निळसर उजेड उठायचा आणि जळकट वास यायचा. तू नाक लावून लावून तो वास घ्यायचीस. तुझी आई वरून ओरडायची, "बाहीर निघा, विंचू चावंल." आपल्याला विंचवाची भीती वाटायची. दगडाची कुणाला वाटणार?

तर पहिली मोजणी. ती काही मोजणी नव्हती. मालकाला आम्ही येणार हे आधीच कळलं होतं. जमिनीवर पाणी शिंपडलेलं, चक्की रेंगाळत चाललेली, अर्ध्या बायकांना सुट्टी. आम्ही भिंतींपाशी यंत्रं लावली, वेळ झाली तशी काढली, आणि मालकानं चहा पाजला. आम्ही निघालो तेव्हा तू फाटकाशी हसत उभी होतीस.

"काय मोजलंस गं? तुमी येनार म्हून आज गिरनी उपाशी हाय. उद्या ये, मंग बग."

आणि त्याच संध्याकाळी, तुझ्या घरी, आपलं पहिलं मोठं भांडण झालं. तुझी सासू मला कोणत्या कपात चहा द्यावा म्हणून घुटमळत होती. झरीचं आमचं घर कोणत्या वस्तीतलं, आमची जात कोणती, हे तिला ठाऊक होतं. तू तुझ्या हातातला अर्धा प्यालेला कप माझ्यापुढं ठेवलास आणि तिला म्हणालीस, "आत्याबाई, मला दुसरा वता." विषय संपला. मग तू माझ्याकडं वळलीस.

"तू मोजशील, कागद लिवशील अन् गाडीत बसून जाशील. गिरनी बंद पडली तर? आमी काय खावं? तुझा फिल्टर?"

"गंगे, ही धूळ माणूस मारते."

"उपास बी मारतोय. तो तर लवकर मारतोय."

मी चिडले. तूही चिडलीस. भाऊजी, तुझे यजमान, बाहेर ओट्यावर बसून दोघींचं ऐकत होते. त्यांच्या शेजारी तुझा दीर नामदेव बसला होता. तुझ्यापेक्षा लहान, चांगला धिप्पाड होता म्हणे. तेव्हा भिंतीला टेकून बसल्या जागी श्वास मोजून घेत होता. तो चक्कीत गारगोटी टाकायचा. दवाखान्यात क्षय सांगितला होता आणि क्षयाच्या सुया टोचून टोचून त्याच्या दंडाला जागा उरली नव्हती.

तू एकदम भांडण सोडलंस आणि विचारलंस, "रमे, एक सांग. येवड्या सुया घेऊन बी ह्यो बरा कामून व्हईना?"

ते मला माहीत नव्हतं. मी डॉक्टरसाहेबांना विचारलं. ते दुसऱ्या दिवशी तुझ्या घरी आले, नामदेवला तपासलं आणि त्याला परभणीला नेऊन छातीचा फोटो काढवला. पुढच्या फेरीला तो फोटो घेऊन ते तुमच्या दारात उभे राहिले आणि उन्हापुढं धरला. आपण सगळे त्यांच्या मागं दाटीनं उभे.

"हे बघा," ते म्हणाले, "क्षयात एखाद्या ठिकाणी असा डाग दिसतो. इथं बघा काय दिसतं? सगळीकडं बारीक बारीक दाणे. वाळू पेरल्यासारखे. ही गारगोटी आहे. डोळ्यांना दिसते ती धूळ नाकात, घशात अडकते, खोकून बाहेर पडते. दिसत नाही ती आत जाऊन बसते. तिला क्षयाची सुई लागू पडत नाही."

"मंग काय लागू पडतंय?" नामदेवनंच विचारलं.

डॉक्टरांनी फोटो खाली घेतला. नामदेवला कळलं. तो आत जाऊन पडला.

तू फोटोवरून बोट फिरवत होतीस. "मंजे आमी जे पोत्यात भरायलोत, तेच ह्याच्या छातीत भरलंय?"

"हो."

"अन् माझ्या?"

"तुमचा फोटो काढल्याशिवाय कसं सांगू?"

"माझा फोटो ऱ्हाऊ द्या. रमे, ते यंत्र माझ्या कमरंला बांध."

गंगे, मला अजून तो क्षण तसाच्या तसा दिसतो. मी तेव्हापर्यंत नोकरी करत होते. त्या दिवशी मला काम मिळालं.

आमच्याकडं नवे पंप आले होते. कमरेला लावायचा छोटा पंप, तिथून खांद्यावरून वर येणारी रबरी नळी, आणि नळीच्या टोकाला गळ्यापाशी चिमट्यानं अडकवायची डबी. डबीत गोल फिल्टरकागद. माणूस दिवसभर जसा काम करील तसा पंप त्याच्या नाकाजवळची हवा ओढणार. यंत्र भिंतीपाशी ठेवून मोजण्यात आणि माणसाच्या गळ्याशी लावून मोजण्यात केवढा फरक! मालकाला जमिनीवर कितीही पाणी शिंपडू दे. पण पंप केला होता पँट आणि पट्टा घालणाऱ्या पुरुषासाठी. लुगड्यावर लावावा कुठं? चिमट्याला कॉलर हवी, चोळीला कॉलर कुठली? डॉक्टरसाहेब लाजून खिडकीबाहेर बघत म्हणाले, "हे तुम्ही दोघी बघा."

आपण दोघींनी तुझ्या जुन्या लुगड्याचे काठ फाडून पट्टे शिवले. शिवले म्हणजे मी शिवले. तू दोनदा बोटात सुई घुसवलीस आणि सुईला जे बोललीस ते इथं लिहिता येणार नाही. एक पट्टा कमरेला, एक दप्तरासारखा खांद्यावरून आडवा, आणि त्यावर गळ्यापाशी डबीचा चिमटा. तू तो बांधून अंगणात चालून दाखवलंस, छाती काढून, फौजदारासारखी. पंप सुरू केला तर गूं गूं आवाज. "आगं माय, कमरंला भुंगा बसला!" तेव्हापासून पंपाचं नाव भुंगा. आमच्या प्रयोगशाळेतही आता सगळे त्याला भुंगाच म्हणतात. डॉक्टरसाहेबसुद्धा.

बाकीच्या बायकांना तयार करणं सोपं नव्हतं. कुणी उठवून दिलं की हे यंत्र रक्त ओढतं. तुझ्या शेजारी पोती भरणारी सखू तर तुझ्या दारातून पळून गेली. तू तिला गल्लीच्या टोकाला गाठलंस. "सखू, तुझ्या अंगात रक्त हाय कुठं वढायला? बांध गप." बायका हसल्या आणि हसता हसता कंबर पुढं केली. तुझी समजूत घालायची पद्धत अशी. मी चांगली वाक्यं तयार करून आले होते, ती तशीच राहिली.

मोजणीच्या दिवशी आम्ही न कळवता सकाळी गिरणीवर हजर झालो. मालकानं पेट्या बघितल्या, आत गेला, आणि थोड्याच वेळात चक्की थांबली.

"साहेब, नशीब बघा. बेअरिंग गेलं. आज काही होत नाही."

सगळं शांत. उडालेली धूळ हळूहळू खाली बसायला लागली. दळणच नाही तर मोजायचं काय? डॉक्टरसाहेबांचा चेहरा उतरला. त्यांना दुसऱ्या दिवशी नांदेडला पोचायचं होतं. ते पेट्या बंद करायला लागले.

तू तिथं नव्हतीस. मी इकडंतिकडं बघतेय तर तू स्टेशनच्या बाजूनं धापा टाकत येताना दिसलीस. मध्येच थांबून खोकलीस, पुन्हा आलीस. कमरेला पट्टा, छाती वरखाली होतेय आणि डोळे नुसते चमकतायत!

"साहेब, पेट्या बांदू नका! ठेसनावर आमच्या मालाचा डबा लागलाय. रिकामा हाय. आज भरावाच लागतोय त्याला, न्हाईतर रेल्वे दंड लावती. ह्याचं बेअरिंग कसं नीट होत न्हाई बगा!"

आणि तू फाटकासमोरच्या लिंबाखाली फतकल मारून बसलीस. तुझ्यामागं बाकीच्या बसल्या. मी बसले. शेवटी डॉक्टरसाहेबही रुमाल टाकून बसले. मालक ओसरीवर येरझाऱ्या घालत होता. मध्येच आत जायचा, बाहेर यायचा, स्टेशनकडं बघायचा. तू प्रत्येक वेळी मोठ्यानं विचारायचीस, "बसलं का मालक, बेअरिंग?" बायका पदरात तोंड घालून हसायच्या. मॅनेजर येऊन म्हणाला, घरी जा, आज काम नाही. तू म्हणालीस, "आमी सावलीला बसलोत. लिंब सरकारचा हाय."

उन्हं कलायला लागली आणि आतून घरघर ऐकू आली. चक्की सुरू! आपण सगळ्या एकदम उठलो. मला टाळी वाजवावीशी वाटली, डॉक्टरसाहेबांनी खरोखरच वाजवली. भराभर भुंगे सुरू केले, नळ्या तपासल्या, आणि तुम्ही आत शिरलात.

मॅनेजरनं शेवटचा डाव टाकला. पंप लावलेल्या बायकांना म्हणाला, "तुमी अंगण झाडा. आत दुसऱ्या बायका जातील."

"मी रोज पोती भरती," तू म्हणालीस, "आज बी पोतीच भरनार." आणि त्याच्या अंगावरून गेलीस.

त्या दुपारी मी घड्याळ हातात घेऊन तुमच्यामागं फिरत होते. डबा भरायचा होता, म्हणून चक्की पुऱ्या जोरानं चालली होती. मालकानं आम्हाला खरीखुरी गिरणी दाखवली, ती अशी. पोत्याच्या तोंडाशी तू वाकायचीस आणि पांढरा लोट उठून तुला गिळायचा. मी हातभर अंतरावर असून मला तू दिसायची नाहीस. मग तू त्यातून बाहेर यायचीस, डोळे पुसायचीस आणि पुन्हा आत. एकदा त्या लोटातून आवाज आला, "रमे! भुंगा मेला!" मी धावले. नळी पोत्याखाली दबली होती. सोडवली. गूं गूं. "जिता झाला, जिता झाला!" तू ओरडलीस, आणि त्या गोंधळात पलीकडून सखूचा आवाज आला, "माझा बी जिता हाय!"

काम संपल्यावर मी डब्या उघडल्या. सगळ्या माझ्याभोवती. पांढऱ्या कागदावर पांढरी धूळ. दिसणार काय? तुमचे चेहरे पडले. "काहीच न्हाई की," सखू म्हणाली.

"काटा सांगेल," मी म्हणाले.

तू माझा हात धरलास. "रमे, जे निघंल ते खरं सांग. कमी निघालं तरी खरं सांग. आमची इज्जत ऱ्हावी म्हून वाढवू नको."

प्रयोगशाळेतला तो काचेच्या पेटीतला नाजूक काटा. श्वास जोरात सोडला तरी हलतो. मी श्वास धरून एकेक कागद ठेवला. तुझा कागद ठेवला. डॉक्टरसाहेबांनी वजन बघितलं, पुन्हा ठेवायला लावलं, पुन्हा बघितलं. कायद्यानं ठरवलेल्या मर्यादेच्या कितीतरी पट! आणि सगळ्यांत जास्त तुझ्या गळ्याशी. मी पत्र टाकायला थांबले नाही. रजा काढली आणि गाडीत बसले.

तू मला कापसाच्या बाजारात भेटलीस, भाऊजींची भाकर घेऊन चालली होतीस. मी लांबूनच ओरडले, "लय निघाली गं! लय निघाली!" तू भाकरीचं फडकं गाड्यावर ठेवलंस आणि आपण एकमेकींचे हात धरून कापसाच्या गाड्यांमध्ये नाचलो. हो, नाचलो. गाडीवान बघत होते. एकानं विचारलं, "काय सापडलं वं बाई?" तू म्हणालीस, "धूळ!"

आणि मग तू थांबलीस. हात हातातच होते.

"रमे, आपुन कामून नाचायलोत? ती तर माझ्याच छातीत गेली."

आपण तिथंच उभ्या राहिलो आणि मग मला वाटतं दोघी रडलो. पण खरं सांगू? त्या नाचण्याची मला लाज वाटत नाही. तुला इतकी वर्षं जे कळत होतं आणि कुणी मानत नव्हतं, ते त्या दिवशी वजनात उतरलं होतं. त्याला नाचू नये तर काय करावं?

पुढचं तुला माहीतच आहे, पण सांगताना मजा येते म्हणून सांगते. गिरणीतली धूळ आवरा, असा सरकारचा हुकूम निघाला. मालक भांडला. ओलं पीठ कोण घेणार, म्हणाला. डॉक्टरसाहेबांनी समजावलं की पाणी फक्त जबड्याशी, जिथं दगड फुटतो तिथं. चक्कीवर नि पोत्यांच्या तोंडाशी पत्र्याची टोपी बसवायची आणि पंख्यानं धूळ ओढून नळानं दुसऱ्या खोलीत न्यायची. मालक मुदतीसाठी पुढच्या तारखा मागत राहिला. तुम्ही प्रत्येक तारखेला सरकारी कचेरीसमोर जाऊन बसत राहिलात. त्या दिवसांत नामदेव गेला. त्याच्या दहाव्याहून उठून तू थेट कचेरीत गेलीस. आणि एक दिवस पंखा आला.

तो सुरू झाला तेव्हा मी आत होते. आवाज आधीसारखाच, पण लोट उठेना. पोत्याच्या तोंडातून पीठ पडतंय आणि वरची धूळ टोपीत खेचली जातेय! तुम्ही सगळ्या हात थांबवून बघत राहिलात. मग सखू तुझ्याकडं टक लावून बघायला लागली.

"गंगाबाई, तुमच्या गालावर तीळ हाय?"

"जन्माचा हाय."

"मला आज दिसला!"

इतकी वर्षं शेजारी उभं राहून काम केलं आणि आज तीळ दिसला! मग काय, सगळ्या एकमेकींची तोंडं बघायला लागल्या. कुणाचं गोंदण, कुणाचा मोडका दात. नुसता दंगा. आम्ही पुन्हा भुंगे लावून मोजलं. काट्यावर कागद ठेवला, आणि आकडा मर्यादेच्या आत! डॉक्टरसाहेबांनी चष्मा काढून पुसला. त्यांचं काम असंच. ते जास्त बोलत नाहीत.

आपलं भांडण मात्र राहिलंच, गंगे. मी म्हणायची, तू आता गिरणी सोड. तू म्हणायचीस, "आत्ता कुठं हवा चांगली झाली अन् आता सोडू?" मी म्हणायची, असला दगड दळूच नये. तू म्हणायचीस, "मंग काच कशाची करशील? तुझ्या काट्याची पेटी काचंची हाय न्हवं?" जिने चढताना तू मध्ये थांबायला लागलीस. छातीचा फोटो काढायला तू किती दिवस टाळाटाळ केलीस! काढला तेव्हा डॉक्टरसाहेबांनी तो मला आधी दाखवला. नामदेवच्या फोटोसारखाच होता.

तू विचारलंस, "माझ्या आतली धूळ काढायचं यंत्र निघालंय का गं कुठं?"

मी म्हणाले, "न्हाई, गंगे."

"बरं झालं खरं सांगितलंस," तू म्हणालीस. आणि जरा थांबून, "भजी करू का? ज्वारीचं पीठ हाय, बेसन संपलंय." तशी भजी मी जन्मात खाल्ली नव्हती. वाईट होती. तू मला सगळी संपवायला लावलीस.

शेवटी शेवटी तुला उशा लावून बसवून ठेवावं लागायचं. आडवं झालं की श्वास पुरायचा नाही. मी आले त्या दुपारी तू भाऊजींना बाहेर पाठवलंस आणि मला जवळ बोलावलंस. मला वाटलं, काही सांगणार. तू म्हणालीस, "गिरनी बंद करायचं म्हनू नको हां," आणि हसलीस. मी म्हणाले, "म्हणणार." तू मान हलवलीस. तुझं उत्तर तयार असणार, मला माहीत आहे. श्वास नव्हता. तेवढ्यावर ते भांडण थांबलंय. मी अजून माझंच म्हणणं धरून आहे आणि तू तुझं. आता तू समोर नाहीस तर तुझी बाजूही मलाच मांडावी लागते, आणि ती मी फार चांगली मांडते, गंगे. परवा मीच हरले.

आता तुला माहीत नसलेलं सांगते.

तुझ्या तिसऱ्या दिवसाला मी सेलूतच होते. बायका पुन्हा कामावर गेल्या होत्या. घरात बसवेना म्हणून मी गिरणीकडं चालत गेले, आणि बघते तर सगळ्या बाहेर, लिंबाखाली. चक्की बंद. मला वाटलं, तुझ्यासाठी बंद ठेवली असेल.

"तसं न्हाई," सखू म्हणाली. "पंख्याचा पट्टा तुटलाय."

मालक बाहेर आला. आवाज चढवलेला नव्हता, विनवणीच करत होता. "घंटाभर चालवा. थोडाच माल राहिलाय. पट्टा उद्या आणतो. घंट्याभरात काय होतंय?"

कुणी उठलं नाही. मी पुढं व्हायला निघाले. सरकारी माणूस ना मी! माझ्या तोंडात नियम तयार होते. सखूनं मला हातानं मागं सारलं. यंत्र रक्त ओढतं म्हणून तुझ्या दारातून पळालेली सखू, गंगे!

"मालक," ती म्हणाली, "पट्टा आना. आमी हितंच बसलोत."

"आज मिळाला नाही तर?"

"मंग उद्या दळू."

एवढंच. ना आरडाओरडा, ना शिव्या. मालकानं फटफटी काढली आणि परभणीच्या रस्त्याला लागला. आम्ही बसून राहिलो. कुणी तुझं काही सांगत होतं, कुणी हसत होतं, कुणी डोळे पुसत होतं. दुपार सरता सरता फटफटीचा आवाज आला. मालकाच्या खांद्यावर नवा पट्टा. मिस्त्रीनं तो चढवला. पंखा फिरायला लागला.

तरी कुणी आत गेलं नाही. सखू एकटी उठली, पोत्याच्या तोंडाशी गेली आणि पदराचं टोक हातात धरून पत्र्याच्या टोपीखाली सोडलं. आम्ही सगळ्या माना उंचावून बघत होतो. पदर क्षणभर लोंबकळला, फडफडला आणि झपकन वर, टोपीच्या तोंडात ताठ उभा राहिला.

"वढायलाय!" सखू ओरडली. "बायांनो, उठा! वढायलाय!"

गंगे, इतक्या मोठ्यानं ओरडली ती, की स्टेशनवरची माणसं वळून बघायला लागली.